मिटलेली खाच

आज प्रयोगशाळेत द्रवरूप नायट्रोजनची वाफ नव्हती. सवयीने माझा हात त्या थंड भांड्याकडे गेला, तेव्हा माझ्या वरिष्ठ सहकारी मेधाताई म्हणाल्या, "राहू दे, आज गोठवायचं नाही." इतकी वर्षं आम्ही प्रथिनांचे स्फटिक गोठवूनच क्ष-किरणांसमोर ठेवत आलो, नाहीतर चित्र पुरं व्हायच्या आत किरणांनीच ते खराब व्हायचे. आता नवा कॅमेराच इतका चपळ, की न गोठवलेला स्फटिक बिघडण्याआधी चित्र हाती येतं.

औषध जिथे बसायला हवं, ती प्रथिनाची खाच गोठवलेल्या स्फटिकांच्या चित्रांत कायम मिटलेली असायची, फोटोसाठी अवघडून बसलेल्या माणसाच्या ओठांसारखी. आज, न गोठता मोकळेपणी हलू शकणाऱ्या प्रथिनात, पडद्यावर ती उघडी होती.

मेधाताई बघतच राहिल्या. "इतकी वर्षं या प्रथिनाचे फोटोच पाहिले," त्या म्हणाल्या. "आज घरी भेटलं."