होपबर्गची डावी नाली

फीन कालवार्टला राव्हेलगेम गावात कोणी सायकलपटू म्हणत नसे. ती खाटकाची फीन. बाप ओडील चौकातल्या दुकानात डुकराचं मांस विकायचा आणि उरलेल्या वेळात लेकीच्या चाहता मंडळाचा अध्यक्ष असायचा. बेल्जियमच्या त्या भागात यात नवल काही नाही. सायकलवर पोट भरणाऱ्या प्रत्येकाचं, मग तो जिंको न जिंको, कुठल्यातरी कॅफेत एक मंडळ असतंच. फीनचं ‘हंस’ कॅफेत होतं. वर्षातून एकदा बिअरमध्ये शिजवलेल्या मांसाचं जेवण, शर्यतींना जायला बस, आणि सगळ्यांना पिवळ्या टोप्या. बारा वर्षांत फीनने एकही मोठी शर्यत जिंकली नव्हती. टोप्या मात्र दोनदा नव्या कराव्या लागल्या होत्या.

कारण तिचं काम जिंकण्याचं नव्हतंच. ती मदतनीस. संघाच्या पुढारी बाईच्या, म्हणजे सध्या मारीटच्या, पुढे राहून वारा आपल्या अंगावर घ्यायचा, गाडीकडून पाण्याच्या बाटल्या आणायच्या, तिचं चाक फुटलं तर आपलं काढून द्यायचं, आणि शेवट जवळ आला की मुकाट बाजूला व्हायचं. फीनने हे सगळं मन लावून केलं. मन लावून करणाऱ्याला लोक हमखास गृहीत धरतात, आणि त्याची तिला अलीकडे चीड यायला लागली होती.

त्यातच करार संपत आला. संघाचा मुख्य इवो स्ट्रुबे हिवाळ्यात तिला म्हणाला, “हे बघ, एप्रिलची शर्यत तुझ्या गावावरून जाते. होपबर्गच्या चढाच्या माथ्यावर तू आणि मारीट, दोघींत जी पुढे असेल तिच्यासाठी दुसरी राबेल. पहिल्यांदाच तुला मोकळीक देतोय. काहीतरी करून दाखव, नाहीतर पुढच्या वर्षी तुझ्या जागी एखादी तरुण पोरगी घ्यावी लागेल मला.”

“दाखवते,” फीन म्हणाली.

मग तिने होपबर्गचा पिच्छा पुरवला. गारठ्यात, पावसात, समुद्राकडून येणाऱ्या त्या दुष्ट वाऱ्यात ती रोज तो चढ चढायची. रस्ता वेड्यावाकड्या दगडांचा, हाडं खिळखिळी करणारा. पण डाव्या कडेला पावसाचं पाणी जायला सिमेंटची हातभर रुंद नाली होती. तिथून सायकल लोण्यासारखी जायची. गावच्या पोरांना ही नाली पाळण्यापासून ठाऊक. मारीट हॉलंडची, तिला कुठून माहीत असणार? पण एकदा सरावात फीननेच तिला दाखवली. पुढारी बाईला सगळं सांगायची बारा वर्षांची खोड, ती एका हिवाळ्यात थोडीच जाते!

शर्यतीच्या आदल्या दिवशी ती दुकानात गेली. “बाबा, डाव्या नालीत कोणाला उभं राहू देऊ नका. बाहेरची माणसं येऊन नेमकी तिथेच उभी राहतात.”

ओडील सुरी पुसत म्हणाला, “त्याची तजवीज झालीय. सकाळपासून आख्खं मंडळ नालीत उभं करतो. आपली माणसं असली की परका शिरायचा प्रश्नच नाही. तू आलीस की आम्ही बाजूला.”

“हेल्मेट, चष्मा, अंगावर चिखल. ओळखाल ना?”

“स्वतःच्या पोरीला? डोकं ठिकाणावर आहे का तुझं?”

दुसऱ्या दिवशी होपबर्गच्या पायथ्याला फीन सर्वांत पुढे होती. पाय हलके होते, वारा पाठीवर होता, आणि आयुष्यात पहिल्यांदा ती कोणासाठी म्हणून पुढे नव्हती. चर्चजवळच्या वळणावर तिचं मागचं चाक शेणाच्या चिखलात जरासं घसरलं. तिने सावरलं, पण तेवढ्यात मारीट आतल्या बाजूने निघून गेली आणि सरळ नालीत शिरली. हरकत नाही, फीनने ठरवलं. तिच्या मागोमाग जायचं, माथ्याच्या आधी गाठायचं.

वर पिवळ्या टोप्यांची भिंत उभी होती. संघाचा हिरवा शर्ट दिसताच ओडीलने हात वर केला आणि भिंत दुभंगली. मारीट आत गेली. आणि भिंत पुन्हा मिटली.

“बाबा!” फीन ओरडली. कोणी वळून बघेना. सगळ्यांच्या पाठी तिच्याकडे, तोंडं वर, आणि सगळे घसा फोडून ओरडत होते, “फीन! फीन!” आपलं नाव आपल्याच माणसांनी दुसरीच्या पाठीमागे फेकलेलं तिने ऐकलं. तिला रडू आलं. रडत रडतच तिने हँडल उजवीकडे वळवलं आणि सायकल दगडांवर घातली.

वेग पार मेला. चाक जागच्या जागी नाचू लागलं. दोघी पुढे गेल्या, मग आणखी दोघी. पाय टेकला की संपलं, हे तिला कळत होतं. तिने पाय टेकला नाही. दात आवळून, एकेक दगड अंगावर घेत ती माथ्यावर आली तेव्हा मारीट एकटीच केव्हाची उतरणीला लागली होती. त्या चौघी तिचा पाठलाग करत होत्या. फीनने जीव काढून चौघींना गाठलं आणि शेवटच्या चाकामागे बसली. बोलीप्रमाणे आता ती मारीटची मदतनीस होती. पाठलागाला हातभार लावायचा नव्हता.

“ए, जरा पुढे येऊन वारा घे की!” एकजण खेकसली.

“उद्या घेईन,” फीन म्हणाली.

मारीट जिंकली. मागच्या पाचजणींत फीनने शेवटच्या रस्त्यावर उसळी मारली आणि दुसरी आली. इतकं वर तिचं नाव कधीच लागलं नव्हतं.

इवो गाडीतून उतरून तिच्याकडे आला. “एक वर्ष आणखी. मारीटची मदतनीस म्हणून.”

“एक अट आहे,” ती म्हणाली. “होपबर्गच्या दिवशी मी कोणाचीच मदतनीस नाही. त्या दिवशी मारीट माझ्या पुढे वारा घेईल.”

इवोने तिच्या चिखलाने भरलेल्या तोंडाकडे बघितलं. “मारीटला मी सांगतो,” तो म्हणाला.

संध्याकाळी ‘हंस’मध्ये ओडील टेबलावर मूठ आपटून सांगत होता, “अशी वाट करून दिली पोरीला! सुळ्ळकन गेली!” फीन भांडायच्या तयारीनेच आत आली होती.

“बाबा, ती मारीट होती. मी तिच्या मागे होते. तुम्ही माझ्या तोंडावर वाट बंद केलीत.”

ओडीलने टोपी काढली आणि बराच वेळ हातात फिरवली.

“हिरवा शर्ट दिसला,” तो अखेर म्हणाला. “दोघींत पुढे असते ती तूच. बारा वर्षं तेच बघतोय ना मी. वारा खात पुढे तू, मागे ती. म्हटलं, पहिली आली म्हणजे आपलीच.”

फीनचा राग कुठल्या कुठे गेला. या देशात तिचं काम नीट पाहिलेला हा एकच माणूस होता, आणि त्यामुळेच तो चुकला होता. ती त्याच्या शेजारी बसली आणि त्याच्या ताटातले बटाट्याचे काप खाऊ लागली.

“पुढच्या वर्षी पहिल्या हिरव्या शर्टाला अडवा,” ती म्हणाली. “दुसरी मी असेन.”