बॉनेटच्या आतला पिवळा रंग

“काका, सगळं क्रोम करा. आरशासारखं पाहिजे,” डोंबिवलीच्या शुभदाताई बोलल्या आणि पिशवी टेबलावर उपडी केली. बोल्ट, बिजागऱ्या, बॅटरीचा क्लॅम्प. त्यांच्या वडिलांच्या जुन्या गाडीचं, घासून साफ केलेलं लोखंड.

मी ठाण्यात वागळे इस्टेटच्या कारखान्यांमध्ये प्लेटिंग करतो, म्हणजे लोखंडावर दुसऱ्या धातूचा थर चढवतो. सातवी सोडून यात आलेलो, म्हातारा झालो. मी सरळ बोललो, “बंपरला क्रोम ठीक. हे आतलं. याला जस्त द्या, वर पिवळं पॅसिव्हेशन.”

“पिवळं? शी! बाबांच्या पंचाहत्तरीला गाडी द्यायचीय. ते बोललेत, परत गंजली तर भंगारात घालीन.”

“मागे काय केलेलं?”

“क्रोम.”

“मग?”

ताईंनी रिकाम्या पिशवीची घडी घातली. पण ऐकेनात.

क्रोम म्हणजे रेनकोट. पाना घसरून ओरखडा पडला की तिथून लोखंड गंजणार. जस्त आधी स्वतः झिजतं, लोखंडाला वाचवतं. पॅसिव्हेशन म्हणजे त्या जस्ताला सांभाळणारा पातळ थर.

तोंडाने पटेना. मग एक क्रोमचा बोल्ट घेतला, एक पिवळा. दोन्हींवर खिळ्याने ओरखडा मारला आणि घरी मिठाच्या पाण्यात ठेवले. बायकोच्या लोणच्याच्या दोन बरण्या होत्या. ती गेल्यापासून रिकाम्याच. ती असती तर बोल्टसकट मला बाहेर काढलं असतं. रोज सकाळी चहा घेऊन बरण्यांसमोर बसायचो. बऱ्याच दिवसांनी घरात बघण्यासारखं काहीतरी होतं.

आठव्या दिवशी क्रोमच्या ओरखड्यातून तांबडा गंज निघाला. पिवळ्यावर नुसती झिजलेल्या जस्ताची पांढरी पूड. बरण्या रिक्षात मांडीवर घेऊन दुकानात आणल्या. ताईंनी वाकून बघितलं.

“करा पिवळं. पण बाबा चिडले तर उत्तर तुम्ही द्यायचं.”

म्हणून पंचाहत्तरीला मला जावं लागलं. बिल्डिंगखाली सगळ्यांसमोर बाबांनी बॉनेट उघडलं. चष्मा वर केला, बोल्टवर बोट फिरवलं. ताई माझ्याकडे बघायला लागल्या.

“अगं, नवीन घेतली तेव्हा अश्शीच होती!” बाबा ओरडले. “ते भिकार क्रोम कोणी सांगितलेलं तुला?”

“तुम्ही कधी बोललातच नाही!”

“तू विचारलंस कधी?”

सगळी बिल्डिंग हसली. मग बाबांनी मला शेजारी बसवून हॉर्न वाजवत कल्याणपर्यंत नेलं.

पन्नास वर्षं प्लेटिंग केलं, पण गाडीच्या मालकाला एक फोन करायचं सुचलं नाही. आता पहिला तोच करतो. आठ दिवस वाचतात.