ताईंचं अक्षर

औषधाच्या दुकानातल्या ताई डॉक्टरांचं कसलंही अक्षर क्षणात लावत. कागदावर नुसते कोंबडीचे पाय उमटलेले असले, तरी त्यांचं अडत नसे.

त्यांनी बिटकॉइन घ्यायचं ठरवलं, तेव्हा धाकटा भाऊ म्हणाला, "ताई, आधी थोडंसंच घे. ते ठेवायचं फोनमधलं वॉलेट तुला बारा इंग्रजी शब्द देईल, ते कागदावर लिही. ते ज्याच्या हाती, पैसे त्याचे. म्हणून फोटोही काढू नकोस. मग फोनमधलं वॉलेट पुसून टाक आणि कागदावरून परत आण, म्हणजे पैसे थोडे असतानाच कळेल, कागद बरोबर आहे की नाही."

"पुसून टाकू? डोकं ठिकाणावर आहे ना तुझं?"

तरी रविवारी दुपारी त्यांनी धीर करून पुसलं आणि बारा शब्द भरले. शब्द चुकलेत, असं उत्तर आलं. पुन्हा भरले, पुन्हा तेच. त्या घरभर येरझाऱ्या घालू लागल्या. शेवटी भावाला फोन लावला.

"मला शब्द सांगू नकोस," तो म्हणाला. "तूच नीट बघ."

कागद उजेडात धरल्यावर सातवा शब्द खटकला. इतका वेळ त्या 'फॅन' भरत होत्या; तो 'फन' तर नव्हता? जगाचं अक्षर लावणाऱ्या बाईला स्वतःचंच लागलं नव्हतं! 'फन' भरताच पैसे दिसले.

लगेच त्यांनी सुट्या, मोठ्या अक्षरांत दोन प्रती केल्या. एक कपाटात ठेवली, दुसरी बंद पाकिटात बहिणीकडे दिली. तरी बाकीचे पैसे घालायला महिना गेला, आणि तो महिनाभर त्या दिवसाआड कपाट उघडून बघत होत्या.