गोजरबाईचा हिरडा

गोजरबाईच्या पडवीत हिरड्याचं गाठोडं नाही, असं एकही वर्ष गेलं नाही. वाडीत कुणाचं पोट बिघडलं की माणूस आधी तिच्या दारात. घोडेगावच्या एसटीची वाट बघण्यापेक्षा ते जवळ. नवरा गेल्यावर रानातला हिरडा वेचून-विकूनच तिने सावळेरामला वाढवलं. पुढे तो झाडावर चढून फांद्या झोडायचा आणि ती खाली वेचायची.

गेल्या हंगामात एके दिवशी सांजेला तो झाडावरून उतरला तो पोट दाबतच. अंगाला दरदरून घाम.

"आये, बेंबीच्या वर लई जळजळतंय."

"शिळं कालवण वरपलंस ना? भोग आता!" म्हणत तिने हिरडा उगाळून गुळाबरोबर दिला. सकाळी उलटी झाली, तिने पुन्हा दिला. दुपारी त्याचे ओठ काळे पडले, तेव्हा कुठे शेजारच्या बहिरूने जीप काढली.

मंचरच्या दवाखान्यात छातीला वायरी लावून ईसीजी काढला. डॉक्टरीणबाईंनी कागदाची पट्टी पुन्हापुन्हा पाहिली.

"कधीपासून दुखतंय?"

"आज सकाळपासनं." सावळेरामने आईकडे पाहिलंच नाही.

"पट्टी तर कालचं सांगतेय. खरी वेळ सांगा, औषध त्यावर ठरतं."

लेक कुणाला पाठीशी घालतोय, ते गोजरबाईला कळलं.

"काल सांजंपासनं, बाई. मीच हिरडा पाजला. मला वाटलं, पोटच हाय."

"आये, गप!"

"तू गप. जीव तुझा जायचा."

बाई रागावल्या नाहीत, तेच तिला सोसलं नाही. त्यांनी इकोच्या पडद्यावर हृदय दाखवलं. सगळं हलत होतं, खालची एक कड मात्र निपचित.

"अटॅक इथे आला. या भागाचं दुखणं पोटाचंच वाटतं, पुष्कळांना वाटतं."

"शेकून, चोळून हलंल का ती?"

"आता अवघड आहे, आजी. उरलेलं जपायचं. झाडावर चढणं बंद."

यंदाच्या हंगामात गोजरबाईच आकडीने फांद्या ओढते, हाताला येतात तेवढ्याच. वरचा हिरडा वरच राहतो. सावळेराम खाली बसून वेचतो, मध्येच दम खातो. कुणी पोट धरून आलं की ती दारातूनच ओरडते, "बहिरू, जीप काढ!" लोक हसतात.

परवा तिला बरं वाटावं म्हणून सावळेरामने एक हिरडा तोंडात टाकला.

"बघ आये, कायबी व्हत नाय."

तिने आकडी टाकली आणि तो लहान असताना धरायची तसा तळहात त्याच्या हनुवटीखाली धरला.

"थुक."

चाळिशीचा सावळेराम मुकाट्याने थुंकला.