संचालकांना तपासायला आलेल्या मॅडम

"ऐकलेलं नको, पाहिलेलं सांगा," असं म्हणून मॅडम मनगटावरचं घड्याळ काढायच्या आणि टेबलावर पालथं ठेवायच्या. समोरच्याला कळायचं, आता सुटका नाही.

जळगावच्या एमआयडीसीत आमची छोटी कंपनी होती. शेतातला पंप मोबाइलवरून चालू-बंद करणारे स्टार्टर आम्ही बनवायचो. सुरुवातीला गावोगावी नाव झालं. मग तक्रारी वाढल्या, चांगले इंजिनिअर पुण्याला निघून गेले, आणि कंपनी का खचतेय ते गुंतवणूकदारांना कळेना. त्यांनी मॅडमना नेमलं. यंत्रं नव्हे, माणसं तपासायला. अध्यक्ष आणि संचालक मंडळ कंपनी नीट चालवतात का, याचा अहवाल त्यांनी द्यायचा होता.

मॅडम धुळ्याच्या. इंजिनिअरिंग कॉलेजात शिकवून निवृत्त झालेल्या. एसटीने यायच्या, शिपायालाही "भाऊ, पाणी मिळेल का?" असं विचारायच्या. आवाज कधी चढला नाही. तरी संचालक त्यांच्या खोलीतून रुमालाने मान पुसतच बाहेर पडायचे. तुम्हीही कधी अशा माणसासमोर बसला असाल. तो रागावत नाही, म्हणूनच जास्त भीती वाटते.

टिपणं घ्यायला मी खोलीत असायचो. एक संचालक म्हणाले, "कारखान्यावर माझं बारीक लक्ष असतं."

"कारखान्याचं दार कुठल्या दिशेला आहे?" मॅडमनी विचारलं.

त्यांनी आधी खिडकीकडे बोट केलं, मग भिंतीकडे. मला हसू आलं, पण ते लगेच आवरलं. कारण माझी पाळी यायची होती.

मंडळाच्या बैठकांचं इतिवृत्त मी लिहायचो. एका बैठकीत चाचणी विभागाच्या इंजिनिअरने सांगितलं होतं, ओल लागली की मोबाइलवर पंप बंद दिसतो, पण वीज चालूच राहते. अध्यक्ष मला म्हणाले, "हे लिहू नका." मी लिहिलं नाही. स्टार्टर विकले जात राहिले.

एक दिवस मॅडम आल्याच नाहीत. दुसऱ्या दिवशी आल्या आणि मलाच समोर बसवलं.

"काल सोनगीरजवळ एका शेतकऱ्याकडे गेले होते. उजवा हात खांद्यापर्यंत भाजलाय त्यांचा. म्हणाले, 'मोबाईलमा बंद दखाये, पन तारमा करंट व्हता.'" घड्याळ टेबलावर पालथं पडलं. "मंडळाला हे माहीत होतं?"

भिंतीपलीकडे अध्यक्षांची केबिन. त्यांचं फोनवरचं बोलणं ऐकू येत होतं. नोकरी, बायको, मुलीची शाळा, सगळं एकदम डोळ्यांपुढे आलं. मी उठलो, कपाटातून बैठकीची कच्ची वही काढली आणि त्यांच्यापुढे ठेवली.

"यात आहे. इतिवृत्तातून मी गाळलं."

"कोणाच्या सांगण्यावरून?"

"अध्यक्षांच्या. पण हात माझाच."

त्यांनी ते पान दोनदा वाचलं. "तुमचंही नाव लिहावं लागेल मला."

"हो, मॅडम."

त्यांनी स्वतःचा चहाचा कप माझ्याकडे सरकवला. "आधी हा घ्या. तुमचा चेहरा पांढरा पडलाय."

पुढच्या आठवड्यात भर बैठकीत त्यांनी अहवाल वाचला. मध्येच अध्यक्ष हसत म्हणाले, "मॅडम, आपल्या सगळ्यांना याच भागात राहायचंय. जरा विचार करा."

"वाचून झालं की करते," मॅडम म्हणाल्या आणि पुढची ओळ वाचू लागल्या. माझंही नाव आलं. भीतीपोटी वाक्य गाळलं, वही मात्र फाडली नाही, एवढंच त्यात होतं. एक शब्द जास्त नाही, एक कमी नाही.

त्याच दिवशी विक्री थांबली. विकलेले स्टार्टर परत आणायचं ठरलं. महिन्याभरात अध्यक्षांचं पद गेलं, वर्षभरात कंपनी दुसऱ्यांच्या हाती गेली, आणि माझी नोकरीही. मॅडम पुन्हा जळगावला आल्या नाहीत. त्या वारल्याचं मला फार उशिरा, धुळ्याच्या एका ओळखीच्या माणसाकडून कळलं.

अहवालाची ती बैठक संपल्यावर मी त्यांना बसस्टँडवर सोडायला गेलो होतो. त्या खिडकीशी बसल्या. कंडक्टरने तिकीट पुढे केलं, ते त्यांच्या बोटांतून निसटलं. त्याने उचलून दिलं, पुन्हा निसटलं. दोन्ही हात थरथर कापत होते. शेवटी त्यानेच ते त्यांच्या पर्सच्या कप्प्यात ठेवलं आणि म्हणाला, "अक्का, राहू द्या. मी विचारणार नाही."

बस हलली. त्यांनी दोन्ही हात पदराखाली घेतले.