नातीच्या पोटावर माझा पाय

आफ्रिकेतला एक चालता धंदा मी हॉर्नबीच्या स्वयंपाकघरात उभ्या उभ्या बसवला.

धंदा परक्याचा असता तर एवढं वाटलं नसतं. माझ्या लेकीच्या लेकीचा होता. माझी मीना लग्न होऊन नैरोबीला गेली आणि तिकडचीच झाली. तिची मुलगी सई. शिकली, चांगल्या ऑफिसात लागली, आणि एक दिवस राजीनामा देऊन घरी आली. कशासाठी? तर फोनसमोर उभं राहून पोळ्या लाटायला!

पोळ्या मीही लाटल्या. नवरा गेल्यावर मिरजेत खानावळ चालवली, पोरं वाढवली. पण ते नाइलाजाने. हातातली नोकरी सोडून कोणी लाटतं का? आता मी न्यूझीलंडला, ख्राइस्टचर्चच्या हॉर्नबी भागात मुलाकडे असते. इथल्या मराठी मंडळात बायका विचारायच्या, "आजी, नात काय करते?" मी म्हणायचे, "करते काहीतरी," आणि चिवड्याची बशी पुढे सरकवायचे.

सईने मला धंदा समजावून सांगितला होता. मी चौथी शिकलेली, पण धंदा कळतो मला. (असं तेव्हा वाटायचं.) केनियात लोकांना चपातीचं भारी वेड. पाहुणा आला की चपाती, सण आला की चपाती. पण आपली घडीची, पदर सुटणारी पोळी बघितली की तिथली माणसं तोंडात बोट घालतात. तर सई फोनवर निम्मी कृती फुकट दाखवायची. उरलेली निम्मी शिकायची असेल तर पैसे भरून तिच्या वर्गात बसायचं. मोंबासाच्या, कंपालाच्या, कुठकुठच्या बायका घरबसल्या शिकायच्या. पुरुषसुद्धा!

"निम्मीच का दाखवतेस?" मी विचारलं.

"आजी, सगळी दाखवली तर वर्गाला कोण येईल?"

मला पटलं नाही. पानावर बसलेल्याला अर्धं वाढून उठवायचं, ही कुठली रीत? पण मी गप्प बसले. (गप्प बसायची ती माझी शेवटची वेळ.)

मग एकदा तिचा फोन आला. "आजी, शनिवारी माझ्याबरोबर लाइव्ह येशील? पोळी तुझीच आहे, लोकांना तुला बघायचंय. आणि एका पिठाच्या कंपनीची बाई बघणार आहे. तिला आवडलं तर वर्षभर त्यांचं काम मला. मग मी छोटीशी जागा भाड्याने घेईन. आईच्या स्वयंपाकघरात किती दिवस लुडबुड करू?"

"मी काय करायचं?"

"काही नाही. हसायचं आणि लाटायचं."

यातलं मला एकच येतं.

शनिवारी त्यांची सकाळ, आमची संध्याकाळ. मी ठेवणीतली साडी नेसले, वरून लोकरीचा कोट चढवला. (इथली थंडी हाडात शिरते मेली.) माझी सून केतकी इस्पितळात नर्स आहे. तिने फोन साखरेच्या डब्याला टेकवला आणि बाजूला उभी राहिली. ठरलं असं की मी मराठीत बोलायचं आणि सईने ते लोकांना इंग्रजीत सांगायचं.

फोनवर लाल बदामं उडायला लागली. मला वाटलं फोन बिघडला. "लोकांना तू आवडलीस, आजी!" सई म्हणाली. मी हुरळले. एवढ्या लांबून नात भेटल्यावर माणूस जे विचारतं, ते विचारलं. "सई, खरी नोकरी कधी बघणार?"

सईने हसत हसत लोकांना काहीतरी सांगितलं.

"काय सांगितलंस गं?"

"तू मला आशीर्वाद दिलास, असं सांगितलं."

"आई तसं नाही म्हणाल्या," केतकी म्हणाली, आणि पुढे वाकून तिने माझा प्रश्न इंग्रजीत स्वच्छ सांगितला. पेशंटच्या नातेवाइकांना अर्धवट काही सांगायचं नाही, हे तिच्या अंगात मुरलंय. (शिवाय सासूचं बोलणं जसंच्या तसं जगासमोर मांडायची संधी सुनेला कितीदा मिळते?)

मग सईने त्या कंपनीच्या पिठाची पिशवी कॅमेऱ्यासमोर धरली. "आजी, पीठ कसं वाटतं बघून?"

आता विचारलंस तर सांगणारच ना! "पांढरं फटक आहे गं. मैदा मिसळलाय. आणि चाळून घे, पिशवी तळाला ओली दिसतेय. किडे असतील."

सई लोकांना म्हणाली, आजीला पीठ अगदी पांढरंशुभ्र वाटतंय.

"किडे राहिले," केतकी म्हणाली. आणि तेही सांगितलं.

सईने कणीक भिजवली, गोळा केला, थोडा लाटला. मग हात पुसले आणि गोड हसून म्हणाली, घडी कशी घालायची आणि पोळी कशी शेकायची, ते माझ्या वर्गात! केतकीने मला अर्थ सांगितला आणि माझा जीव वरखाली झाला. एवढी माणसं परातीभोवती बसलीयत आणि ही हात पुसते!

"थांबा!" मी ओरडले आणि फोनकडे सरकले. (लोकांना नुसतं माझं नाक दिसत होतं, असं मागून कळलं.) "पुढचं मी सांगते!"

आणि सांगितलं की! तेल कुठे लावायचं, पीठ किती भुरभुरायचं, घडी कशी, कडा पातळ का, तवा किती तापवायचा, फडक्यात कशी गुंडाळायची. केतकी रेडिओसारखी इंग्रजीत सांगत होती. तिकडून सई हात हलवत होती. "आजी, पुरे! आजी, नेट जातंय!"

"कुठे जातंय? स्वच्छ दिसतेस!"

एवढ्यावर थांबले असते तरी थोडं वाचलं असतं. पण बदामांचा पाऊस पडत होता. "आणि ज्यांनी पैसे भरलेत," मी म्हणाले, "त्यांना ती परत देईल. आमच्यात अन्नाची विद्या विकत नाहीत!"

केतकी जरा घुटमळली. "आई, हेही सांगू?"

"सांग!"

सांगितलं. लोक "शोशो, शोशो" लिहायला लागले. तिकडे आजीला म्हणतात तसं. सई मात्र हलेना.

"नेट गेलं वाटतं तिचं," मी म्हणाले.

"नेट आहे, आई," केतकी म्हणाली. "तिचा चेहराच तसा झालाय."

मग मीनाचा फोन आला. "आई, वर्गातली निम्मी माणसं पैसे परत मागतायत. पीठवाल्या बाईचा नकार आला. पोरगी बाथरूममध्ये दार लावून बसलीय."

"मी काय वाईट केलं? विद्यादान केलं."

"तू? खानावळीत कोणी एक पोळी जास्त घेतली तर तू पैसे मागायचीस! वाटीभर आमटीसाठी त्या पोस्टमनच्या मागे जिना उतरून गेली होतीस!"

"ते माझं पोट होतं!" मी म्हणाले.

मीच बोलले आणि मलाच ऐकू आलं. लाज वाटणाऱ्यातली मी बाई नाही. पण त्या दिवशी कोट अंगावर असून अंग गार पडलं.

सईला फोन लावला. "चुकले गं."

"हं."

"मी पुन्हा येते फोनवर. सांगते सगळ्यांना, कृती चुकीची सांगितली होती म्हणून."

"आजी! तू कोणाला काहीही सांगू नकोस!"

मग केतकीला म्हटलं, पिठाच्या कंपनीला माफी लिही. "काय लिहू?" "लिही, किडे डोळ्याने दिसले नव्हते, नुसता अंदाज होता." केतकीने ते पाठवलंच नाही. माझं बोलणं तिने पोचवलं नाही, असं पहिल्यांदाच झालं, आणि पोचवायला नको होतं ते त्या शनिवारी.

सईची जागा अजून झालेली नाही. ती आईच्याच ओट्यावर लाटते, आणि फोनवर माझ्याशी हवापाण्याचं बोलते. मंडळातल्या एका बाईने परवा विचारलं, "आजी, घडीची पोळी शिकवाल?" मी म्हटलं, "पैसे भर आणि माझ्या नातीच्या वर्गाला बस. मीसुद्धा भरलेत."

खरंच भरलेत. दर शनिवारी बसते. मागच्या वेळी सईने सगळ्यांसमोर सांगितलं, "हॉर्नबीच्या बाई, कडा जाड राहिल्या. पुन्हा लाटा." पुन्हा लाटली. वर्गात बाकीचे हात वर करतात आणि सई त्यांचा माईक उघडते. मीही करते हात वर. माझा ती उघडत नाही. तिच्या जागी मी असते, तर माझा कॅमेराही बंद ठेवला असता.