नस काढलेली दाढ

खालच्या उजव्या दाढेचं रूट कॅनल झालं, वर कॅप बसली, आणि आठवडाभरात तीच दाढ ठणकायला लागली. नस काढून टाकलेली दाढ दुखते कशी, हे मला कळेना. नवऱ्यालाही कळेना. तो म्हणाला, "अगं, आत काही उरलंच नाही तर दुखेल काय? तुझ्या मनात भीती बसलीय."

मी दोन दिवस ते मानून पाहिलं. ऑफिसात डबा डावीकडून चावून खाल्ला, दुखणं मनातलं आहे असं स्वतःला बजावलं. पण चुकून उजवीकडे पोळीचा घास गेला की डोळ्यांत पाणी यायचं.

त्यातच माझी मोठी नणंद गावाहून आलेली. तिची एक दाढ बरेच महिने दुखत होती आणि माझं झालं की त्याच डॉक्टरकडे तिलाही न्यायचं ठरलं होतं. मी गाल धरून बसलेली पाहून ती म्हणाली, "नस राह्यली असंन वं आत. मले नाही करायचं असलं काही. सरळ उपटून टाकू."

"ताई, आधी मी दाखवून येते, मग ठरवू."

"मी बी येतो. डॉक्टर काय करते ते पाहतो."

डॉक्टर रामदासपेठेतल्या, माझ्या भाचीच्या वयाच्या. कॅप बसवली त्या दिवशी त्यांनी दातांत निळा कागद धरून विचारलं होतं, "चावा. उंच लागतंय का?" मी चावलं, पुन्हा चावलं. इतका वेळ तोंड उघडं ठेवून जबडा आंबला होता. दात एकमेकांवर आधी कसे बसायचे, तेच मला आठवेना. असं कोण लक्षात ठेवतं? मी म्हणाले, "ठीक वाटतंय."

आता त्यांनी दाढेचा एक्स-रे काढला. मुळं ठीक होती. मग आरशाच्या दांडीनं एकेका दातावर हलकेच ठोकून पाहिलं. कॅपवर ठोकलं, काहीच नाही. शेजारच्यांवरही नाही. मला वाटलं, नवऱ्याचंच खरं. तेवढ्यात त्यांनी वरच्या दाढेवर ठोकलं आणि मी खुर्चीत उडालेच.

"पण दुखते ती खालची आहे," मी म्हणाले.

"वाटतं तसं. खालचं वर जाणवतं, वरचं खाली. कॅप किंचित उंच राहिलीय. चावताना दर वेळी वरच्या दाढेवर जोर येतोय, तीच दुखावलीय."

"मी तेव्हा ठीक म्हणाले होते."

"बसल्या बसल्या पुष्कळांना नाही कळत. म्हणून तर आम्ही पुन्हा बोलावतो."

त्यांनी मशीन उचललं तशी मला नवीच काळजी. घासल्यावर कॅप फुटली तर? पातळ होऊन आतली दाढ किडली तर? "एवढ्याशानं काही होत नाही," त्या म्हणाल्या आणि थोडं घासलं. निळा कागद, चावा, पुन्हा थोडं. या वेळी त्यांनी विचारल्यावर मी खरं ते सांगितलं, "मला समजत नाहीये." त्यांनी कागदाचा कॅपवर उठलेला ठिपका पाहिला आणि स्वतःच ठरवलं. दुखणं हळूहळू जाईल, चार दिवस कडक काही खाऊ नका, म्हणाल्या.

ताई हे सगळं भिंतीशी उभी राहून पाहत होती. मी खुर्चीतून उतरले तरी तिची नजर माझ्या गालावरच. बाहेर जाऊन बाकावर बसलो तेव्हा ती हळूच म्हणाली, "तुले खालची वाटत होती ना?"

"हो."

"अन् निंगाली वरची. मंग माही जे दुखते ते तरी तेच हाय काय? मी त चांगली दाढ उपटाले निंगाली होती वं."

माझी दाढ अजून ठणकतच होती, आणि आता ती नेमकी वर ठणकते की खाली, याचा मला पत्ता नव्हता.

ताई उठली, पदर सावरून आत जाऊन खुर्चीत बसली. मीही मागोमाग गेले. डॉक्टरांनी विचारलं, "कोणती दाढ दुखते?" तिनं बोट तोंडाशी नेलं, तिथंच थांबली, आणि हात मांडीवर ठेवून म्हणाली, "तुमीच ठोकून पाहा, बाई."